हात, पडदा आणि मधला क्षण

माझी सारी हयात खडू आणि फळा यांच्या सहवासात गेली. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण नाही, आणि संगणकावरील खेळांविषयी बोलण्याचा अधिकार तर मजकडे मुळीच नाही. तरीही आज त्याच विषयावर बोलावयाचे धाडस करीत आहे, कारण माझ्या हातून एका मुलावर थोडा अन्याय झाला, आणि त्या अन्यायाचा शोध घेता घेता मी बराच दूरवर जाऊन पोहोचलो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा चौदा वर्षांचा नातू बोईसरहून आमच्याकडे पालघरास राहावयास आला. येताना त्याने आपला संगणक बरोबर आणला. पडदा तेवढा जड म्हणून घरीच ठेवला, आणि येथे आमच्या दिवाणखान्यातील दूरदर्शन संचाला यंत्र जोडून त्याने आपला खेळ मांडला. बोईसरच्या चार मित्रांसह तो एका संघातून खेळतो. मुले आपापल्या घरी बसतात आणि पडद्यावर एकत्र येतात. तिसऱ्याच दिवशी तो हिरमुसला होऊन मजपाशी आला. "आजोबा, माऊस मागे पडतो आहे. मी हात वळवतो आणि पडद्यावर ते नंतर वळते." मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडे." दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्रांनीही निराळ्या शब्दांत हेच सांगितले. तुझा हात मंदावला, येत्या रविवारच्या सामन्यात तू बाहेर बस, असा त्यांचा निर्णय झाला. मुलगा त्या रात्री नीट जेवला नाही.

आता खरे पाहता, हाच मुलगा, हेच यंत्र आणि हाच माऊस आठ दिवसांपूर्वी बोईसरास उत्तम चालत होते. हात एका आठवड्यात मंदावत नाही, आणि माऊसही बारा मैलांच्या आत म्हातारा होत नाही. एवढी गोष्ट मला तत्क्षणी सुचावयास हवी होती. ती सुचली नाही, कारण उशीर दिसला की प्रथम माणसाला दोषी धरावयाचे ही आपली जुनी खोड आहे. ती किती जुनी आहे, ते सांगतो.

इंग्लंडात ग्रिनिच येथे जी प्रसिद्ध वेधशाळा आहे, तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते. त्यांच्या हाताखाली किनेब्रुक नावाचा एक तरुण साहाय्यक होता. दुर्बिणीतील तारेवरून एखादा तारा नेमका कोणत्या क्षणी पार झाला, हे घड्याळाचे ठोके कानांनी मोजीत आणि तारा डोळ्यांनी पाहत टिपावयाचे, असे त्याचे काम. १७९५ साली मॅस्केलिनच्या ध्यानात आले की किनेब्रुकच्या नोंदी आपल्या नोंदींहून अर्ध्या सेकंदाने उशिराच्या येतात. त्यांनी त्यास समज दिली. फरक कमी होण्याऐवजी वाढत जाऊन आठ दशांश सेकंदांवर गेला, आणि १७९६ च्या आरंभी किनेब्रुकला नोकरीवरून काढून टाकण्यात आले.

पुढे सुमारे पाव शतकाने कोनिग्सबर्गचे ज्योतिर्विद बेसेल यांना ह्या हकीकतीचे नवल वाटले. त्यांनी आपल्या नोंदी इतर नामांकित निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. वॉलबेक नावाच्या विद्वानाशी त्यांचा फरक निघाला एका सेकंदाहून थोडा अधिकच! म्हणजे बिचाऱ्या किनेब्रुकपेक्षाही मोठा. ह्या दोघांपैकी निष्काळजी कोणास म्हणावयाचे? बेसेल यांनी कोणासच म्हटले नाही. पाहणे आणि टिपणे यांच्या मध्ये प्रत्येक माणसाचा स्वतःचा असा एक उशीर असतो, तो मोजावा आणि हिशेबात धरावा, असे त्यांनी ठरविले. १८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संवेदना किती वेगाने जाते हे मोजले, तेव्हा ह्या उशिराचा थोडा उलगडा झाला. वेग निघाला सेकंदाला सुमारे सत्तावीस मीटर. पालघर स्थानकावरून न थांबता धडधडत जाणाऱ्या जलद गाडीचा वेग साधारण एवढाच असतो. ज्यास आपण 'विचार करताक्षणी' म्हणतो, तो क्षण असा गाडीच्या वेगाने धावतो.

किनेब्रुकची गोष्ट वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ खिडकीत बसून राहिलो. कारण असाच एक किनेब्रुक माझ्या वर्गातही होता. ध्वनीचा वेग शिकविताना मी मुलांना मैदानावर नेत असे. तीनशे चाळीस मीटरांवर एक मुलगा हात उंच करून थाळीवर दांडा मारी. ह्या टोकाचा मुलगा दांडा पडताना दिसला की खेळांसाठी घेतलेले स्टॉपवॉच चालू करी, आणि आवाज ऐकू आला की बंद करी. पुस्तकाप्रमाणे उत्तर एक सेकंद. मुले हुशार असत. दोनदा चुकले की तिसऱ्यांदा बरोबर एक सेकंद लिहून मोकळी होत. एक मुलगा मात्र दर वेळी पाऊण सेकंदाच्या आसपास आणी आणि वहीत तेच लिही. मी त्यास तीनदा मोजावयास लावले. तिन्ही आकडे त्याने जसेच्या तसे लिहिले. मी त्याच्या वहीत तांबड्या शाईने शेरा मारला, 'निष्काळजी'. वास्तविक त्या वर्गात काळजीपूर्वक मोजणारा बहुधा तेवढाच एक होता.

असो. माणसाचा उशीर असा कळला; परंतु यंत्राचाही उशीर असतो, हे जगाला कळले ते तारायंत्रामुळे. १८५८ च्या ऑगस्टात अटलांटिक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांस गेला. शब्द अठ्ठ्याण्णव, वेळ लागला सोळा तास! ह्या टोकास दिलेला विजेचा एक टोला त्या टोकास टोला म्हणून पोहोचतच नसे. तो पसरट होऊन हळूहळू वर चढे आणि हळूहळू ओसरे. विल्यम टॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आले, त्यांनी चारएक वर्षे आधीच हिशेब करून सांगितले होते की तारेची लांबी दुप्पट केली तर हा उशीर चौपट होईल, आणि म्हणून अतिसूक्ष्म प्रवाहही ओळखणारे नाजूक उपकरण वापरावयास हवे. कंपनीच्या विद्युत्‌तज्ज्ञाला, व्हाइटहाउस यांना, हे मानवले नाही. तार मंद आहे तर जोर अधिक लावावा, असे त्यांचे सरळ गणित. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला, आणि ती अमूल्य तार काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' ह्या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्री तार टाकली आणि मुंबई विलायतेशी जोडली गेली, तोवर हा धडा सर्वांच्या अंगवळणी पडला होता. माझा नातू तिसऱ्या दिवशी माऊस मेजावर आपटीत होता, तेव्हा मला व्हाइटहाउस यांचीच आठवण व्हावयास हवी होती.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळतो. पडद्यावर खेळावयाच्या आरंभीच्या खेळांपैकी एक अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत जन्मास आला, हे ऐकून तारापूरच्या आसमंतातील श्रोत्यांस गंमत वाटेल. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत हिगिनबॉथम नावाचे पदार्थवैज्ञानिक होते. युद्धकाळात लॉस ॲलामॉस येथे त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स विभाग सांभाळला होता. प्रयोगशाळा पाहावयास येणारे लोक कंटाळतात, म्हणून १९५८ च्या ऑक्टोबरात त्यांनी एका दोलनदर्शकाच्या इवल्याशा गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. हातात एक डबी, तिच्यावर एक बटण आणि एक फिरवावयाची खुंटी. लोकांनी रांगा लावल्या. ह्या खेळात हाताला जाणवेल असा उशीर नव्हता. हे यंत्र अंक मोजणारे नव्हते. विजेचा दाब हाच चेंडूचा मार्ग होता, आणि दाब बदलताच किरण वळे. मधे वाट पाहणारा कोणीच नव्हता.

तारापूरचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९६९ च्या ऑक्टोबरात तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. ह्या परिसरातील कित्येक शिक्षकांप्रमाणे मीही मुलांना अणुभट्टीविषयी दोन शब्द सांगत असे, परंतु त्यातील सर्वांत सुरस गोष्ट मला फार उशिरा कळली. युरेनियमचा अणू फुटला म्हणजे जे न्यूट्रॉन बाहेर पडतात, त्यांतील बहुतेक सगळे तत्काळ बाहेर पडतात, आणि एका पिढीपासून दुसरी पिढी निपजावयास सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाएवढाही अवधी लागत नाही. ह्या वेगाशी कोणता मनुष्य किंवा कोणते यंत्र झुंज घेणार? परंतु हजारात सुमारे साडेसहा न्यूट्रॉन मागे रेंगाळतात; कोणी अर्ध्या सेकंदाने, कोणी मिनिटभराने बाहेर येतात. त्या मूठभर आळशांच्या जोरावर साऱ्या भट्टीची चाल मंद राहते आणि नियंत्रक दांडे सावकाश आतबाहेर करावयास सवड मिळते. तेव्हा उशीर म्हटला की तो वाईटच, असे मी आता म्हणत नाही. तो कोणी, कोठे आणि कशासाठी ठेवला आहे हे पाहतो.

संगणकात हा उशीर पहिल्यापासून होता. केवळ त्याला कोणी नाव देत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली स्वदेशी बनावटीचा संगणक चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्या काळच्या संगणकांना प्रश्न देऊन यावे आणि उत्तराची तासन् तास वाट पाहावी, अशी सर्वत्र रीत होती. माणूस आणि यंत्र समोरासमोर बसू लागले तेव्हा वाट पाहणे जाचू लागले. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस घडविला. लाकडी डबी, पोटात काटकोनात बसविलेली दोन चाके, आणि शेपटीसारखी तार. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत एंगलबार्ट यांनी तो भरसभेत चालवून दाखविला. योगायोग असा, की त्याच परिषदेच्या कार्यवृत्तात रॉबर्ट मिलर यांचा एक निबंध छापला आहे. माणसाने कळ दाबल्यावर यंत्राने किती वेळात उत्तर द्यावे, ह्याचा त्यात विचार आहे. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत प्रतिसाद आला तर तो आपल्याच कृतीचा भाग वाटतो, असे त्यांचे मत. माऊस आणि त्याच्या उशिराची चर्चा अशी एकाच मांडवात जगापुढे आली.

१९९३ साली मॅकेन्झी आणि वेअर ह्या दोघांनी मुद्दाम उशीर घालून प्रयोग केला. सव्वादोनशे मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंदाहूनही कमी उशीर घातला, तेव्हा लक्ष्यावर पोहोचावयास लोकांना चौसष्ट टक्के अधिक वेळ लागला आणि चुका तिपटीहून वाढल्या. हात तेच, माणसे तीच. हे मी नातवाला वाचून दाखविले तेव्हा तो काही बोलला नाही. परंतु त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मग आम्ही दोघे मिळून तपासास लागलो. प्रथम त्याने मला एक भेद शिकविला. आपण हात वळविला आणि आपलेच दृश्य उशिरा वळले, तर दोष घरातला. आपले दृश्य हाताबरोबर वळते, परंतु दुसऱ्या खेळाडूवर परिणाम उशिरा दिसतो, तर दोष वाटेतला, म्हणजे इंटरनेटचा. हा दुसरा उशीर काही अंशी निसर्गाचाच आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सुमारे चार हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यास चाळीस मिलिसेकंद लागणारच, तेथे कोणाचा इलाज नाही. आमचा दोष घरातला होता.

घरातल्या घरात तरी ठिकाणे किती! माऊसच्या पोटातील डोळा मेजाचे चित्र घेतो. १९९९ साली आलेल्या एका प्रसिद्ध माऊसचा डोळा सेकंदाला दीड हजार चित्रे घेई. बटणाची पट्टी दाबली की ती सूक्ष्मपणे थरथरते, म्हणून एक टिचकी दोन मोजल्या जाऊ नयेत यासाठी यंत्र काही मिलिसेकंद थांबते. संगणक माऊसला स्वतःहून विचारतो, 'काही हालचाल?' साधारण माऊसला सेकंदात सव्वाशे वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. खेळाच्या माऊसला हजार वेळा. हल्ली आठ हजार वेळा विचारावयास लावणारे माऊस निघाले आहेत, परंतु जुन्या संगणकाला त्या प्रश्नांचीच धाप लागते आणि खेळ अधिकच अडखळतो. बिनतारी माऊस बॅटरी वाचविण्यासाठी डुलकी घेतो. मग खेळ स्वतः चित्र काढतो, आणि काढलेली चित्रे पडद्याच्या तालावर जाण्यासाठी रांगेत उभी राहतात. सेकंदाला साठ चित्रे, तर प्रत्येकाचे सतरा मिलिसेकंदांच्या आत-बाहेर. रांगेत दोन चित्रे उभी असली की तेहतीस गेले. ही रांग व्यर्थ नाही बरे का! ती नसेल तर एकाच वेळी दोन चित्रांचे तुकडे पडद्यावर येतात आणि दृश्य मधोमध फाटल्यासारखे दिसते.

आमची रीत शाळेतल्या प्रयोगाचीच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि वहीत लिहावयाची. मोजणी नातवाने सुचविली. मोबाइलवर सेकंदाला दोनशे चाळीस चित्रे घेता येतात. हात आणि पडदा दोन्ही दिसतील असे चित्रण करावयाचे आणि हात हलल्यापासून दृश्य हलेपर्यंतची चित्रे मोजावयाची. पहिली मोजणी अडतीस चित्रे, म्हणजे एकशे अठ्ठावन्न मिलिसेकंद. शेजाऱ्यांचा तारेचा माऊस आणून लावला, सदतीस. माऊस सुटला. बिनतारी माऊसचा ग्राहक ज्या छिद्रात होता, त्याच्या शेजारीच जलद यूएसबीवर एक हार्ड डिस्क जोडलेली होती. अशा जोडणीतून माऊसच्याच लहरींच्या पट्ट्यात गोंगाट उत्पन्न होतो, हे २०१२ साली इंटेल कंपनीनेच प्रसिद्ध केले आहे. ग्राहक हातभर तारेने दूर आणला. अधूनमधून बसणारे हिसके गेले, सरसकट उशीर तसाच राहिला.

तेव्हा कोठे मला बोईसर आठवले. "अरे, तुझा पडदा कोठे आहे?" असे मी विचारले आणि आम्ही दोघेही दूरदर्शन संचाकडे पाहू लागलो.

हा संच चित्रपटासाठी केलेला. आलेले चित्र तो उजळ करतो, कडा कोरतो, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधे तिसरे स्वतः रचतो. आता दोहोंच्या मधले चित्र रचावयाचे, तर पुढचे हाती येईपर्यंत थांबणे आलेच. चित्रपट पाहणाऱ्यास ह्याचा पत्ताही लागत नाही, कारण ध्वनीही तेवढाच मागे ठेवलेला असतो. संचाच्या यादीत खोलवर 'गेम मोड' असे एक कलम सापडले. ते चालू करताच ही सारी कारागिरी बंद झाली. मोजणी सतरा. मग खेळातील रांगेची व्यवस्था, जिला ही मुले व्ही-सिंक म्हणतात, ती काढली. मोजणी अकरा, म्हणजे सेहेचाळीस मिलिसेकंद. दृश्य क्वचित फाटते, ते नातवाला चालते. मला स्वतःला ते पाहवत नाही, परंतु खेळणारा तो आहे.

एक नवा पैसा खर्च झाला नाही. मी तर शनिवारी त्यास नवा माऊस घेऊन देण्याच्या विचारात होतो, निदान त्याचे तोंड बंद होईल म्हणून!

रविवारच्या सामन्यात त्याला घेतले की नाही? नाही घेतले, निर्णय आधीच झाला होता. परंतु त्याने अडतीस आणि अकरा हे दोन आकडे मित्रांस चित्रणासह धाडले, आणि पुढच्या रविवारी त्याची जागा त्याला परत मिळाली. किनेब्रुकला हे भाग्य लाभले नव्हते.

त्याच संध्याकाळी नातू म्हणाला, "आजोबा, आता तुमचे मोजू या." पडद्यावर हिरवा चौकोन दिसला की टिचकी मारावयाची, असा साधा प्रकार. मी पाचदा मारली. त्याचे सरासरी उत्तर पाव सेकंदाच्या आत, माझे चार दशांशांच्या वर. मला वाटले, आता हा हसणार. त्याने आमच्या वहीत माझे नाव लिहिले, त्यापुढे पाचही आकडे एकाखाली एक मांडले, आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.